टाकीच्या तोंडाशी

आमच्या जाऊबाईंना सगळे धीराची बाई म्हणतात. मला हसू येतं. ज्यांनी त्यांना घरात पाहिलेलं नाही, तेच असं बोलू शकतात. पाल दिसली की ही बाई खुर्चीवर चढते. रस्ता ओलांडताना माझा दंड असा घट्ट धरते की घरी येईपर्यंत बोटांचे वळ राहावेत. निजण्याआधी गॅसचं बटण तपासते, आडवी होते, पुन्हा उठते आणि पुन्हा तपासते. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात त्यांचं नावच 'घाबरट' होतं. हे नाव ठेवणारे होते त्यांचे यजमान, माझे मोठे दीर. "घाबरट, चहा टाक," असं ते बाहेरूनच ओरडायचे. त्या हसायच्या आणि टाकायच्या.

त्यांचा सत्कार ठरला तेव्हा कामगार संघटनेने मला सांगितलं, तू घरातली आहेस, तूच चार ओळी लिहून दे. मी लिहायला बसले. चार ओळींत ही बाई मावेना. शिवाय मला गोड गोड लिहिता येत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे.

आम्ही सगळे पुठ्ठ्याच्या गिरणीतले. रद्दी येते, ती आम्ही बायका शेडमध्ये निवडतो, तिच्यातलं प्लास्टिक, तारा, पिना बाजूला काढतो. उरलेल्या कागदाचा पाण्यात लगदा होतो आणि तो एका टाकीत साठतो. टाकी कसली, जमिनीत अर्धी पुरलेली खोलीच म्हणा. वर गोल तोंड, त्यावर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. गिरणी चालू असते तोवर लगदा फिरत राहतो, काही बिघडत नाही. पण दुरुस्तीसाठी गिरणी काही दिवस बंद राहिली, की तो बसल्या जागी सडतो. मग झाकण उघडलं की नासक्या अंड्यांचा असा भपकारा येतो की खाल्लेलं वर यावं. त्यात आमच्या नजरेतून सुटलेलं प्लास्टिक तळाशी जाऊन बोळा होऊन बसतं. तो बोळा कुणीतरी उतरून काढल्याशिवाय गिरणी सुरू होत नाही.

उतरायचं कधी, ते माझे मोठे दीर ठरवायचे. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो, पण गिरणीत त्यांचं नाव 'नाक'. झाकण उघडून ठेवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग दादा गुडघे टेकून तोंडाशी वाकायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. "आहे अजून," म्हणाले की सगळे थांबणार. "गेला वास," म्हणाले की शिडीवर पाय. दादांच्या आधी एक म्हातारबुवा हेच करायचे, त्यांच्याआधी आणखी कुणी. मॅनेजरसुद्धा विचारायचा, नाक काय म्हणतंय? दादांना त्याचा केवढा अभिमान! घरी आमटी कोणत्या क्षणी लागली ते बाहेरच्या खोलीतून सांगायचे.

त्या दिवशी मी घरी होते, पोराला ताप होता. त्यामुळे सांगते ते ऐकलेलं, पण इतक्या तोंडांनी ऐकलंय की आता ते माझ्या डोळ्यांसमोर घडतं. गिरणी बरेच दिवस बंद होती. दादा वाकले, तोंड वाकडं केलं, म्हणाले, "आहे." पण हलले नाहीत, तिथेच वाकून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "गेला वास." आणि उतरले. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर त्यांचे हात सुटले. ओरडले नाहीत, काही नाही. वरून फिटर ओरडला, "अरे, पाय घसरला त्याचा!" हा फिटर आणि दादा एकाच डब्यात जेवायचे. तो तसाच धडाधड उतरला आणि दादांच्या अंगावर पडला.

तिसरे होते आमचे हे. दादांचे धाकटे भाऊ, माझे यजमान.

यांनी दोन्ही पाय आत सोडले होते. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेडमधून जाऊबाई धावत आल्या. त्यांनी यांना मागून कंबरेला मिठी मारली, पाय शेजारच्या पाइपात अडकवले आणि सोडलंच नाही. हे "दादा! दादा!" करून ओरडत होते, झटापट करत होते. त्यांच्या हाताला चावले. ती काडीसारखी बाई, पण सुटली नाही. दोर शोधायला लोक धावले, तर दोर स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली जेवायला गेलेल्या माणसाच्या खिशात. दोघांना वर काढलं तेव्हा दोघेही संपलेले होते.

जाऊबाईंना तेव्हा काही माहीत होतं असं नाही. कुणी शिकवलं नव्हतं. एक उतरला तो पडला, दुसरा उतरला तो पडला, हे त्यांनी आरडाओरड्यातून ऐकलं आणि त्या घाबरल्या. बाकीचे सगळे शूर होते.

मग बोलणी सुरू झाली. नवरा खाली तडफडतोय आणि बायको दिराला मिठी मारून बसलीय, असं लोक तोंडावर बोलले. फिटरची बायको दारात येऊन म्हणाली, "माझा माणूस तुझ्या माणसासाठी उतरला. तू मात्र कुणाला जाऊ दिलं नाहीस." जाऊबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. आणि आमच्या ह्यांनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. एका घरात आम्ही, मध्ये एक भिंत, नळ एकच. हे मला म्हणायचे, "तिला सांग, पाणी आलंय." ती समोर उभी! मी पण तोंडाची फटकळ, म्हणायचे, "जाऊबाई, भिंत म्हणतेय, पाणी आलंय." कुणी हसायचं नाही.

माझी अवस्था काय सांगू? माझा नवरा मला त्यांच्यामुळे आहे. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं, आणि ते कधी कुणी बोललं नाही. मी त्यांच्या पुढ्यात नवऱ्याशी भांडायलासुद्धा लाजायचे.

पुढे कारखाने तपासणाऱ्या बाई आल्या. शिकलेल्या, शांत, चष्म्यातून नीट बघणाऱ्या. जाऊबाईंनी त्यांना एकच विचारलं, "ह्यांचं नाक कसं चुकलं?" त्या बाई तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि समजावून सांगितलं. हा वायू थोडा असला की वास येतो. जास्त झाला की तो आधी वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला असं वाटतं तेव्हा वायू गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. मग एक-दोन श्वासांत माणूसही जातो. जाऊबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, "अगं, म्हणजे ते वाकले होते ना, तिथेच त्यांचं मरण सुरू झालं होतं. आणि सगळे कौतुकाने बघत होते." इतकी वर्षं आम्ही ज्याला कसब म्हणत होतो, ते असं होतं!

त्यानंतर टाकी उघडायची म्हटलं की जाऊबाई हजर. बोलायच्या नाहीत, तोंडापासून जरा दूर उभ्या राहायच्या. केसांत रद्दीची धूळ, हात पदरात गुंडाळलेले, आणि ते हात कापताना सगळ्यांना दिसायचे. मॅनेजरने हाकललं, मालकाने समजावलं, शेडच्या मुकादमाने खाडे लावले. मागे हटायच्या, पुन्हा यायच्या. त्यांच्या समोर शिडी उतरायला माणसांचे पाय धजेनात. तपासणाऱ्या बाईंचाही मागून लकडा होताच. शेवटी मालकाने नाक मुरडत सगळं घेतलं: हवा आत सोडणारा पंखा, उतरणाऱ्याच्या अंगावर बांधायचा पट्टा, टाकीच्या तोंडावर उभा करायचा तीन पायांचा सांगाडा आणि त्याला कप्पी. वायू मोजणारं एक छोटं यंत्रही आलं. ते जरा काही झालं की किंचाळत सुटतं, म्हणून पंपवाल्याने त्याचं नाव 'सासूबाई' ठेवलं. सासूबाई ओरडल्या की बाहेर! पंपवाला गिरणीतला सगळ्यांत गमत्या माणूस, त्यामुळे नाव लगेच चिकटलं.

पण यंत्र येऊन भागत नाही, हे जाऊबाईंना आमच्याआधी कळलं. माणूस पडला की दुसरा धावतोच. त्याला यंत्राचा काय उपयोग? म्हणून त्यांनी न धावण्याचा सराव काढला. ऐकायला वेडेपणा वाटेल. एकाला पडद्याआड जमिनीवर झोपवायचं, पट्टा बांधून, दोर बाहेर. त्याने ओरडायचं, कण्हायचं, नाव घेऊन हाका मारायच्या. बाकीच्यांनी पडद्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. एकाने कप्पी फिरवायची, एकाने मदत बोलवायची, एकाने वर आलेल्याची छाती दाबायची, बाकीच्यांनी उभं राहायचं. बस. सुरुवातीला सगळे खिदळायचे. मग आतला माणूस कण्हायला लागला की हसणं थांबायचं आणि दांडगे दांडगे गडी पुढे सरकायचे, त्यांचं त्यांना कळायचंही नाही. जाऊबाई बारीक आवाजात म्हणायच्या, "मेलात. आता तुमच्यामागे कोण येणार, ते सांगा."

दुसऱ्या गिरण्यांतून बोलावणी आली, मग दूध डेअरीतून, रंगाच्या कारखान्यातून, विहिरी उपसणाऱ्यांकडून. प्रत्येक वेळी निघायच्या आधी त्यांना उलटी व्हायची. मी पाणी घेऊन उभी असायचे. "नका जाऊ मग," मी म्हणायचे. "भीती वाटतेय ना, म्हणून तर जायचं," म्हणायच्या. तिथे जाऊन भाषण असं करायच्याच नाहीत, पडदा बांधायच्या.

आमचे हे त्या सरावाला एकदाही उभे राहिले नाहीत. पडदा बांधताना दिसला की चहाला जायचे. आणि दादांच्या जागी टाकीच्या कामावर हेच! मी खूप विरोध केला, रडले, अबोला धरला. ऐकलं नाही. एकदा जेवताना मला म्हणाले, "पुन्हा कुणी पडला ना, तर मी उतरणार. या वेळी मला कोण धरतं ते बघतो." भिंतीपलीकडे जाऊबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

तेव्हापासून गिरणी बंद झाली की मी दिवस मोजायचे. इतर बायका सुट्टी म्हणून खूष, आणि मी डोळ्यांपुढे लगदा सडताना बघायचे. गिरणी सुरू व्हायच्या दिवशी शेडमध्ये माझे हात रद्दीत आणि कान टाकीकडे. कुणी मोठ्याने हसलं तरी दचकायचे. मी आधी अशी नव्हते हो. जाऊबाईंची भीती मला लागली होती, आणि त्यांच्यासारखी ती कुठे लावायची हे मला कळत नव्हतं.

अशातच सत्कार ठरला. गिरणीच्याच आवारात मांडव, खुर्च्या, माइक. आसपासच्या कारखान्यांचे लोक येणार होते. गिरणी दुरुस्तीला बंद होती ती त्याच सकाळी सुरू करायची, पाहुण्यांना यंत्र चालू दिसलं पाहिजे, असं मालकाच्या डोक्यात आलं. म्हणजे टाकी त्याआधी साफ हवी. घाई, घाई, सगळी घाई. मांडवात माइकवाला "हॅलो, हॅलो" करतोय आणि पलीकडे झाकण उघडलंय.

पंपवाला उतरायला निघाला. पट्टा बांधला, दोर अडकवला. वर उभे आमचे हे. सासूबाईंनी तोंडाशीच किंचाळायला सुरुवात केली. पंखा लावून वाट बघायची, हा नियम. पंपवाल्याने थोडी बघितली. पाहुणे यायला लागले. यंत्र काही गप्प बसेना. मग त्याने ते बंद केलं आणि म्हणाला, "सासूबाई, आज तुमच्या सुनेचा सत्कार आहे, आज तरी तोंड मिटा." सगळे हसले. हेही हसले, त्यांनीच मला नंतर सांगितलं. आणि तो उतरला.

मी आणि जाऊबाई शेडमधून मांडवाकडे निघालो होतो. मी त्यांच्या केसांतली धूळ झटकत होते, कुरकुरत होते की आज तरी जरा बरी साडी नेसायची. त्या चालता चालता थांबल्या. हसणं एकदम बंद झालं होतं. मग यांचा आवाज आला, पंपवाल्याच्या नावाने मारलेली हाक. तसा आवाज मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पण ऐकल्याबरोबर ओळखला.

आम्ही धावलो. हे टाकीच्या कडेवर बसलेले, एक पाय आत, शिडीवर. तोंड पांढरं फटक. मी पुढे झेप घ्यायला गेले, तर जाऊबाईंनी मला हाताने मागे ढकललं आणि स्वतःही तिथेच थांबल्या. पुढे गेल्याच नाहीत! चार पावलांवर तर होते हे. मला वाटलं, धरा ना, आत्ता धरा, तेव्हा धरलंत तसं! हे आत बघत होते. दुसरा पाय उचलला.

"भावजी," जाऊबाई म्हणाल्या. सरावात बोलायच्या त्याच बारीक आवाजात. "दोर बांधलाय त्याला."

यांनी वर पाहिलं. कुणाकडे पाहतोय हे कळत नव्हतं त्यांना. तो क्षण केवढा होता ते मी सांगू शकत नाही. मला फक्त एवढंच माहीत आहे की मी मनातल्या मनात विधवा झाले होते.

मग यांनी आतला पाय बाहेर काढला. कप्पीच्या दांड्याला भिडले आणि फिरवायला लागले, रडत, शिव्या देत. दोघं-तिघं धावले, "मागे व्हा, तोंडापासून लांब!" जाऊबाई ओरडल्या. दोर ताणला, करकरला, आणि पंपवाला वर आला, लगद्याने माखलेला, मान लटकलेली, ओठ निळे. त्याला वाऱ्याच्या बाजूला उघड्यावर ओढलं. सरावात शिकलेल्यांनी छाती दाबायला घेतली. बराच वेळ काही नाही. मग त्याने खोकून ओकारी काढली, आणि एवढी सुंदर ओकारी मी जन्मात पाहिली नाही. गाडी आली, त्याला नेलं. वाचला तो. अजून बारीकसारीक विसरतो, पण वाचला.

मांडवात कुजबुज चालली होती. हे जमिनीवर बसले होते, हातांना दोराचे ओरखडे. जाऊबाई थोड्या अंतरावर बसल्या. मी मध्ये.

"वहिनी," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी दादाचा हात हलत होता. लगद्यातून वर आला होता." हे जमिनीकडे बघत बोलत होते. "तुम्हाला दिसला नसेल ना? तुम्ही माझ्या मागे होतात."

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतकी वर्षं काय गिळून बसला होता. दादा जिवंत होते हे त्याने पाहिलं होतं. आणि त्याने प्रश्नही असा विचारला होता की जाऊबाईंनी नुसतं नाही म्हटलं की झालं. नाही म्हणा, जाऊबाई, मी मनात म्हणत होते. एक नाही म्हणा, सगळं मिटेल.

"दिसला होता, भावजी," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या खांद्यावरून दिसत होता. फिटर अंगावर पडलेला, तरी हलत होता. तुम्ही मला चावलात तेव्हाही. मग थांबला."

"आणि तरी धरलंत?"

"हो."

हे गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या पायांशी डोकं टेकून लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. जाऊबाईंनी त्यांच्या केसांतला लगदा बोटांनी काढायला घेतला. त्यांचे हात कापत होते, नेहमीसारखे. माइकवरून कुणीतरी सत्कारमूर्तींना मंचावर यायची विनंती करत होतं.

मी तिथेच बसून राहिले. त्यांच्याबद्दल चांगलं काय लिहायचं, ते मला तेव्हाच कळलं, आणि ते मी संघटनेला लिहून दिलं नाही. ते इथे लिहिते. खाली माझा नवरा असता, त्याचा हात हलताना मला दिसला असता, आणि माझ्या मिठीत दुसरीचा नवरा असता, तर मी सोडलं असतं. जा, लवकर जा, असं ओरडलेही असते.